‘रिटर्न प्रोसेस झालं, बिलं रद्दीत टाका’ : हा सल्ला ऐकू नका

रिटर्न भरायची धांदल संपत आली की व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘44एडी घेतलं असेल तर एकही बिल ठेवू नका. बँक स्टेटमेंट हाच पुरावा. दहा हजारांच्या आतल्या रोखीला कोणी विचारत नाही. रिटर्न प्रोसेस झालं की जुनी बिलं रद्दीत.’ (44एडी म्हणजे छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवू देणारं आयकराचं कलम.) या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य कुणाला ना कुणाला खड्ड्यात घालतं.

‘44एडी घेतलं की बिलं नकोत’

अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच मेसेज पटतो. उलाढाल 2 कोटींपर्यंत (रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत) असेल आणि रोख विक्रीवर 8 टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा दाखवला, तर 1961 चा आयकर कायदा वहीखाती मागत नाही. पण उलाढाल नेमकी किती आणि त्यात रोख किती, हे विक्रीच्या बिलांशिवाय सांगणार कसं?

खरी अडचण वाईट वर्षी येते. समजा सगळी विक्री बँकेतून आणि उलाढाल दीड कोटी. 6 टक्क्यांनी नफा 9 लाख होतो. पण माल भिजला, उधारी बुडाली आणि हातात 5 लाखच उरले. ते 5 लाख दाखवायचे तर वहीखाती आणि ऑडिट दोन्ही लागतं. शिवाय असं एकदा बाहेर पडलं की पुढची पाच वर्षं 44एडी मिळत नाही. वर्ष वाईट चाललंय हे फेब्रुवारीत कळतं, पण ऑडिटला बिलं 1 एप्रिलपासूनची लागतात. ती फेकून दिलेली असतील तर न कमावलेल्या 4 लाखांवर कर भरावा लागतो.

आणि जीएसटी नंबर असेल तर हा मुद्दाच संपतो. जीएसटी कायदा 44एडी ओळखत नाही, त्याची खाती वेगळी ठेवावीच लागतात. बाजार समितीतल्या अडत्यांनी तर हा मेसेज पुढेच ढकलू नये, कारण कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला 44एडी लागूच होत नाही.

‘बँक स्टेटमेंट हाच पुरावा’

स्टेटमेंटवर ओळ दिसते: यूपीआय, एक नाव, 4,720 रुपये. दुकानातला पंखा की घरातला, हे त्यात कुठे आहे? खर्च धंद्यासाठीच झाला हे दाखवायचं काम बिलाचं, आणि पैसे खरंच गेले हे दाखवायचं काम स्टेटमेंटचं. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

त्या 4,720 मध्ये 18 टक्क्यांनी 720 रुपये जीएसटी आहे. त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजावट, फक्त टॅक्स इनव्हॉइसवर मिळतं, म्हणून बिल बनायच्या आधीच काउंटरवर आपला जीएसटी नंबर सांगा आणि पंधराही अक्षरं तिथेच ताडून पाहा. पुढच्या महिन्याच्या 14 तारखेनंतर ते बिल जीएसटीआर-2बी मध्ये (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत) आलंय का बघा. आलं नसेल तर पुरवठादाराला लगेच फोन करा, कारण आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरनंतर क्रेडिट घेता येत नाही. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

‘दहा हजारांच्या आतली रोख सुरक्षित’

ही मर्यादा पैसे कसे दिले याची आहे, पुराव्यातून सूट नाही. ती मोजायची एका माणसाला एका दिवसात दिलेल्या एकूण रकमेवर. रंगाऱ्याला सकाळी 6,000 आणि संध्याकाळी 6,000 रोख दिले, दोन व्हाउचर केली, तरी पूर्ण 12,000 खर्च म्हणून नामंजूर होतात, नुसते वरचे 2,000 नव्हे. भागीदारी फर्मला 30 टक्के कर आणि 4 टक्के सेस धरून हा 3,744 रुपयांचा फटका. ट्रकवाल्यांच्या भाड्याला ही मर्यादा 35,000 आहे.

हमाली, टेम्पो, चहा यांचं बिल मिळत नाही. तिथे त्याच दिवशी व्हाउचर लिहा: क्रमांक, तारीख, नाव, कशासाठी, रक्कम अंकी आणि अक्षरी, घेणाऱ्याची सही. 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप. मार्चअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली व्हाउचरं बघताक्षणी ओळखू येतात.

‘प्रोसेस झालं, संपलं’

रिटर्न प्रोसेस झाल्यावर येणारी 143(1) ची सूचना म्हणजे तपासणी झाली असं नाही. जुलै 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नवर छाननीची नोटीस 30 जून 2026 पर्यंत येऊ शकते. त्यानंतरही लपलेलं उत्पन्न 50 लाख किंवा जास्त असल्याचा संशय असेल, तर करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सव्वापाच वर्षांपर्यंत प्रकरण उघडता येतं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना आयकराचा नियम 6एफ खाती-बिलं ठेवायला तिथूनच सहा वर्षांची मुदत घालतो, दुकानदारानेही तीच धरावी. जीएसटीची मुदत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. म्हणजे 2023-24 ची बिलं जीएसटीसाठी 31 डिसेंबर 2030 पर्यंत, आयकरासाठी 31 मार्च 2031 पर्यंत. अपील चालू असेल तर निकाल लागेपर्यंत हातही लावू नका. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 आला असला, तरी 2025-26 पर्यंतची वर्षं जुन्याच कायद्याने तपासली जाणार.

इतकी वर्षं बिल टिकवणं हे वेगळं काम आहे. पेट्रोल पंपावरची गुळगुळीत पावती शाईने छापलेली नसते, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर सगळी काळवंडते, प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा सेलोटेपखाली अक्षरं उडतात. म्हणून मिळाली त्याच दिवशी फोटो काढा, झेरॉक्स करा आणि मूळ पावती मजकुरापासून लांब कोपऱ्यात स्टेपल करून झेरॉक्सला जोडा. फोटोच्या नावात तारीख, पुरवठादार आणि रक्कम घाला, आणि त्याची एक प्रत मोबाइलबाहेरही ठेवा.