‘अर्धवट ऑपरेशन’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेआधी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणारी औषधे) देऊन तिला उत्तम प्रतिसाद मिळाला, तर जांघेतील वा काखेतील सगळ्याच लसिका ग्रंथी, म्हणजे कॅन्सर जिथे पसरतो त्या गाठी, काढण्याची गरज उरत नाही, असे मी लिहिले होते. त्यावर आपली प्रतिक्रिया आली : ‘घरी बसून रुग्णांच्या जिवाशी खेळू नका, अर्धवट ऑपरेशनने कॅन्सर मागे राहतो.’ मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु टोपणनावाआडून एखाद्यावर जिवाशी खेळण्याचा आरोप करणे कोणत्या सभ्यतेत बसते?

‘घरी बसून’ हे शब्द मला विशेष लागले. आईच्या तळपायावरच्या काळ्या डागाला आम्ही कुरूप समजत राहिलो. निदान झाल्यावर मिरजेत तिच्या जांघेतील सगळ्या गाठी काढल्या, कारण तेव्हा तोच मार्ग होता. त्यामुळे पुढे पाय सुजला तो कायमचा. रोज सकाळी मी तिला पावलापासून मांडीपर्यंत पट्टी बांधत असे. संध्याकाळी ती सोडली की कातडीवर वळ दिसत आणि बोटाने दाबलेला खड्डा बराच वेळ भरत नसे. होय, हे सारे मी घरी बसूनच पाहिले आहे.

आता ‘अर्धवट’विषयी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राडो’ अभ्यासात ९९ रुग्णांच्या सर्वांत मोठ्या बाधित गाठीवर आधी खूण केली, इपिलिमुमॅब व निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांचे दोन डोस दिले आणि मग फक्त तीच गाठ काढून तपासली. तिच्यात जिवंत कॅन्सर १० टक्के किंवा त्याहून कमी उरलेला असेल, तरच बाकीच्या गाठींना हात लावायचा नाही, असे ठरले होते. असे ६० रुग्ण निघाले. त्यांपैकी ५९ जणांची मोठी शस्त्रक्रिया, म्हणजे सगळ्या गाठी काढणे, टळली आणि या गटात दोन वर्षांनी सुमारे ९३ टक्के रुग्ण आजार न उलटता होते. ज्यांचा प्रतिसाद अपुरा होता, त्यांच्यासाठी मोठी शस्त्रक्रियाच ठरलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलेल्या निर्णयाला अर्धवट म्हणणे हा निव्वळ उतावीळपणा आहे.

९९ हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. याच औषधांच्या २०२४च्या ‘नाडिना’ या दुसऱ्या चाचणीत आधी औषधे दिलेल्यांच्या सर्व गाठी काढल्या होत्या, हेही खरे. पण त्याने ‘प्राडो’ खोटा ठरत नाही. औषधांच्या खर्चाविषयीचा आपला मजकूर मूळ मुद्द्याला धरून नसल्याने सोडून देते.

खूण केलेल्या गाठीत कॅन्सर जवळजवळ उरलेला नसतानाही बाकीच्या गाठी का काढाव्यात, एवढेच आता लिहा. आणि स्वतःच्या नावाने लिहा.