खुलासा : 'व्हॉट्सअ‍ॅपवर एफआयआर'चा मेसेज अर्धाच खरा

"आता पोलीस ठाण्यात जायची गरज नाही, घरबसल्या मेसेज टाका, गुन्हा दाखल!" हा मजकूर गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, अशा गुन्ह्याची) माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. पण माहिती देणाऱ्याने 3 दिवसांच्या आत त्यावर सही केली, तरच ती नोंदीवर घेतली जाते. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

मेसेज ज्याबद्दल गप्प आहे, ती गोष्ट खरं तर जास्त कामाची. पंढरपूरहून सांगोल्याला जाणाऱ्या एसटीत पर्स मारली गेली आणि उतरल्यावर लक्षात आलं, तर चोरी कुठे झाली हे कसं सांगणार? सांगायची गरजच नाही. तुम्ही ज्या ठाण्यात जाल, तिथला ठाणे अंमलदार 'आमची हद्द नाही' म्हणून तुम्हाला परत पाठवू शकत नाही. तिथेच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचे. लहान गावात मात्र "तिकडेच जा की" हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं.

एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. हातात आलेल्या कागदावर 'अदखलपात्र' लिहिलंय का, तेवढं बघा. तो एफआयआर नव्हे. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते.