‘दिवे लावता, मग विरोध कसला करता?’

दर काही महिन्यांनी एक संदेश नव्याने फिरू लागतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा: ‘वीज प्रकल्पांना विरोध करणारे, अण्वस्त्रांना विरोध करणारे आणि ऊठसूट सरकारकडे कागद मागणारे, सगळे एकाच माळेचे मणी. घरात दिवे लावतात आणि प्रकल्प नको म्हणतात. तांत्रिक बाबी त्यांना कळत नाहीत. पैसा परदेशातून येतो. धरणं धरून शस्त्रं कमी होत नसतात. आणि सरकारला जाब विचारायला निवडणूक आहेच की.’ शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांत समंजस माणसंही असतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दिवे लावता, मग प्रकल्पाला विरोध कसा?’

हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्याचा अर्थ असा होतो की जो वीज वापरतो, त्याने ती कुठल्याही भावाने आणि कुठल्याही अटीवर मुकाट घ्यावी. खरं तर बिल भरणाऱ्यालाच भाव विचारायचा पहिला हक्क असतो.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं प्रकरण आठवून पाहा. १९९२च्या जूनमध्ये कंपनीची माणसं महाराष्ट्रात आली आणि काही दिवसांतच दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. निविदा नाहीत, स्पर्धा नाही. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला. तरी १९९३च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. करार गोपनीय. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचे पैसे द्यायचेच, तेही डॉलरशी बांधलेल्या हिशेबाने. वर केंद्र सरकारची हमी.

प्रकल्प जिथे उभा राहत होता त्या गुहागर तालुक्यातले लोक जमीन, पाणी आणि मासेमारीच्या प्रश्नावर रस्त्यावर आले. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातली मंडळी वेगळ्या बाजूने भिडली: त्यांनी कराराचं गणित मांडलं आणि ही वीज मंडळाला बुडवेल, असं १९९५च्या सुमाराला लिहून ठेवलं. त्या वेळी या सगळ्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. निदर्शनं करणाऱ्यांवर पोलीस बळ कसं वापरलं गेलं, याचा अहवाल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने १९९९मध्ये काढला.

त्याच वर्षी मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतर स्रोतांच्या दुपटीहून महाग पडू लागली. मंडळ ती पुरती उचलेना, पण क्षमतेचे पैसे द्यायचे चुकेना. बिलं थकली, हमीचा कागद बाहेर निघाला, आणि २००१च्या मेमध्ये वीज मंडळानेच करार मोडला. वीजकेंद्र बंद पडलं. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात राज्यकारभाराच्या पातळीवरच्या अपयशावर नेमकं बोट ठेवलं. डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. प्रकल्प पुन्हा चालू करायला २००६ उजाडलं, आणि तेव्हा भार उचलला एनटीपीसी आणि गेलसारख्या सार्वजनिक कंपन्यांनी.

थोडक्यात, वीजकेंद्र ना मोर्चाने बंद पाडलं, ना दगडफेकीने. ज्या भावावर आंदोलकांनी आधीच बोट ठेवलं होतं, त्या भावाने ते बंद पाडलं. तेव्हा कोणी हा करार आधी लोकांपुढे ठेवला असता तर दिवे लवकर लागले असते की उशिरा?

आता संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो, कारण ते खरं आहे. स्थानिक विरोध नेहमी शहाणाच असतो असं नाही. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात पवनचक्क्या घराजवळ नकोत म्हणून लोक उठले आणि २०१४मध्ये सरकारने नियम केला: चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर वस्तीपासून हवं. त्या जागोजागी वस्ती असलेल्या प्रदेशात एवढं मोकळं अंतर मिळायचं कुठे? नव्या पवनचक्क्या जवळजवळ थांबल्या. ‘माझ्या अंगणात नको’ हा हट्ट असतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. तेवढ्यापुरता संदेश बरोबर आहे.

पण त्याच जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाउ या अडीचेक हजार वस्तीच्या गावाने काय केलं? चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर उर्सुला आणि मिखाएल स्लाडेक आणि त्यांचे शेजारी वीजबचतीच्या स्पर्धा भरवू लागले. वीज कंपनी दाद देईना. मग त्यांनी गावाचं वितरणजाळंच विकत घ्यायचं ठरवलं. दोनदा सार्वमत झालं, दोन्ही वेळा जिंकले. कंपनीने जाळ्याची किंमत ८७ लाख मार्क सांगितली, ती फुगवलेली आहे हे यांनी दाखवलं, देशभरातून पैसा उभा केला आणि १९९७मध्ये जाळं ताब्यात घेतलं. ‘विरोध करता, मग पर्याय द्या’ म्हणणाऱ्यांना इथे पर्याय मिळतो, तोही मीटर वाचण्यापासून बिलं काढण्यापर्यंतचा.

‘तांत्रिक बाबी यांना कळत नाहीत’

अणुचाचण्यांचा काळ घ्या. १९५०च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या आकाशात स्फोट करत होते. धोका नाही, असं सरकारी तज्ज्ञ सांगत होते. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या काही बायका, डॉक्टर आणि वैज्ञानिकांनी एक नागरिक समिती स्थापन केली आणि १९५८च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली.

दातच का? स्फोटातून निघणारं स्ट्रॉन्शियम-९० रासायनिक स्वभावाने कॅल्शियमसारखं. ते धुळीतून गवतावर पडतं, गवतातून गाईच्या पोटात जातं, दुधातून मुलांकडे येतं आणि हाडादातांत जाऊन बसतं. हाड काढून तपासता येत नाही. दात मात्र आपोआप पडतो, आणि तो कोणत्या वर्षी तयार झाला हे मुलाच्या जन्मसालावरून कळतं. म्हणजे प्रत्येक दात त्या वर्षाची नोंद. साधी, स्वस्त आणि चोख पद्धत. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असं लिहिलेला बिल्ला मिळायचा. तिकडच्या गोष्टींत पडलेला दात नेऊन पैसे ठेवणारी परी असते; मुलांना तिच्यापेक्षा बिल्ला आवडला असावा.

शाळा, दंतवैद्य, ग्रंथालयं यांच्यामार्फत तीन लाखांहून जास्त दात जमले. डॉक्टर लुईझ राइस यांनी पहिले निष्कर्ष १९६१च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले: चाचण्या वाढल्या तसं मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं होतं. १९६३च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदी करारावर सह्या झाल्या. वातावरणातल्या, अंतराळातल्या आणि पाण्याखालच्या चाचण्या त्याने थांबवल्या. हा करार एकट्या दातांनी घडवला असं कोणी म्हणू नये, क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगाने दोन्ही बाजूंची झोप उडवलीच होती. पण ‘लोकांना कळत नाही’ या वाक्याचं काय झालं ते पाहा. ज्यांना कळत होतं त्यांनी मोजलं नव्हतं, किंवा मोजलेलं सांगितलं नव्हतं. ज्यांना ‘कळत नव्हतं’ त्यांनी घराघरातून नमुने आणले.

केरळमध्येही शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने सायलेंट व्हॅलीच्या जंगलातल्या जलविद्युत प्रकल्पाबद्दल कविता-घोषणांच्या जोडीला विजेचे आकडे तपासले होते. १९८३मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. अंधार पडला म्हणून केरळ मागे राहिल्याचं ऐकिवात नाही.

‘पैसा परदेशातून येतो’

पैसा कुठून येतो हा प्रश्न रास्त आहे. तो सगळ्यांना विचारा. एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे स्वतःहून सांगितलं की भारतातल्या मंडळींना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्प उभा करण्यावर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. दाभोळच्या वादात परदेशी पैसा सर्वांत जास्त कोणत्या बाजूला होता, हे अमेरिकी संसदेच्या दप्तरात लिहिलेलं आहे. संदेशात ते येत नाही.

शिवाय पैसा कोणाचा यावरून वीज महाग की स्वस्त हे ठरत नाही. ते करारातल्या आकड्यांवरून ठरतं.

‘धरणं धरून शस्त्रं कमी होत नसतात’

ब्रिटनमधल्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळावर अमेरिकेची ९६ अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं यायची होती. १९८१च्या सप्टेंबरमध्ये कार्डिफहून बायकांचा एक जथा चालत तिथे पोहोचला आणि कुंपणाबाहेर तळ देऊन राहिला. १९८२च्या डिसेंबरात सुमारे तीस हजार बायकांनी हातात हात धरून अख्ख्या तळाला वेढा घातला. तरी १९८३च्या नोव्हेंबरमध्ये क्षेपणास्त्रं आलीच. इथे संदेशवाला खूश होईल. पण गोष्ट तिथे संपत नाही: १९८७मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला आणि १९९१पर्यंत ती सगळी परत गेली. करार दोन महासत्तांनी केला, बायकांनी नव्हे. मात्र युरोपभर हा विषय तापता ठेवण्याचं काम कुंपणाबाहेरच्या अशाच मुक्कामांनी केलं.

मला त्याहून रोचक वाटतो तो १९९०चा निकाल. तळात शिरल्याबद्दल या बायकांवर खटले चालत होते, संरक्षण खात्याच्या उपनियमांखाली. त्या जमिनीवर स्थानिक लोकांचे गुरं चारण्याचे जुने सामाईक हक्क होते आणि मूळ कायद्याने त्यांना हात लावायला मनाई होती. उपनियमांनी ते हक्कच डावलले होते. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि उपनियम अवैध ठरले. म्हणजे कायदा मोडल्याबद्दल ज्यांना वर्षानुवर्षं शिक्षा होत होती, त्यांनी शेवटी कायदा कोणी मोडला होता ते सिद्ध केलं.

‘जाब विचारायला निवडणूक आहेच’

निवडणुकीत उमेदवार निवडता येतो. अमुक बंधाऱ्यावर किती मजूर लागले आणि किती मजुरी वाटली, हे मतपत्रिकेवर नसतं.

राजस्थानात १९९०मध्ये मजूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. दुष्काळी कामांवर राबलेल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं आणि विचारलं की उत्तर यायचं, कागदावर तुमचं काम कमी भरलंय. मग कागद दाखवा, म्हणून मागणी सुरू झाली. १९९४च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट मोठ्याने वाचले गेले. नाव पुकारलं की कोणी तरी उठून सांगायचं: हा तर कामावर आलाच नव्हता; हा तर मेला आहे. १९९६मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं, घोषणा होती ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. २००५चा माहिती अधिकार कायदा अशा धरण्यांतून आणि त्यामागच्या देशभरच्या खटपटीतून आला आहे.

या कायद्याचा काही जण खंडणीसाठी वापर करतात, हे खरं आहे. त्यावर फौजदारी कायदा आहे, तो लावा. पण माहिती मागितल्यामुळे जीव गमावलेल्यांची यादीही आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी २०१०च्या जानेवारीत मारले गेले. संसदेने २०१४मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा केला, तो अंमलातच आणला गेलेला नाही.

आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. आधी त्या कलमातच अट होती की सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर अशी माहिती द्यावी. नव्या मजकुरात ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण नकाराला पुरतं. जनहिताचं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते लागू करून घ्यायला अर्जदाराला अपिलांच्या पायऱ्या चढाव्या लागतील. हजेरीपटात नावांखेरीज असतं तरी काय? कोटकिरानात जे पुकारून वाचलं गेलं, ते सगळं उद्या एखादा अधिकारी या एका ओळीत नाकारू शकतो, आणि निवडणुकीला तोवर चार वर्षं बाकी असू शकतात.