लठ्ठ कोंबडीची नोटीस

शनिवारी सकाळी प्लॉटवर गेलो तर शेडच्या दारावर नोटीस. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, चार कोपऱ्यांना चार पिना. एवढ्या मायेनं कुणी माझे टोमॅटो झाकले असते तर आज ही वेळ आली नसती. छापील फॉर्म होता. 'लागवड असमाधानकारक' या वाक्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण. बरोबरची खूण मिळूनही अपमान होऊ शकतो, हे शाळेत कधी कुणी सांगितलं नव्हतं. खाली निळ्या शाईत, हातानं लिहिलेलं: 'फॅट हेन काढून टाकणे. मुदत २८ दिवस.'

आता, इंग्लंडमधल्या या 'अलॉटमेंट' प्रकाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्या घरीही ते अजून नीटसे कळलेले नाहीत. तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर मी आईला फोन करून सांगितलं, "आई, अलॉटमेंट झाली!" आई म्हणाली, "कितवा मजला?" मजला नाही, जमीन आहे, कौन्सिलकडून भाडेपट्ट्यानं मिळते, भाजीपाला लावायला, असं सांगितल्यावर फोन काकांकडे गेला. किती आहे? दहा रॉड. इथं अजून रॉडमध्येच मोजतात. एक रॉड म्हणजे साडेपाच यार्ड लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. हिशेब करून सांगितलं, अडीचशे चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे. काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "बांध धरून की सोडून?"

विकता तर येत नाहीच. पिकेल ते मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पोटात गेलं पाहिजे, असं १९२२ सालचा कायदाच म्हणतो. म्हणजे गुंठामंत्री व्हायचा तोही रस्ता बंद.

तर नोटीस. मी ती तीनदा वाचली. फॅट हेन. लठ्ठ कोंबडी. माझ्याकडे कोंबडी नाही. पण चार प्लॉट पलीकडे एका बाईंनी पाळल्यात आणि त्यांना तसा हक्क आहे. १९५० सालच्या कायद्यानं अलॉटमेंटवर कोंबड्या आणि ससे पाळता येतात, फक्त धंद्यासाठी नाही. कोंबड्यांना तो हक्क नाही मिळालेला, की जाळीतून निसटून माझ्या प्लॉटवर राहायला यावं. मी वाफे पाहिले. शेडच्या मागे पाहिलं. पाण्याच्या पिंपाखाली वाकून पाहिलं. बीनच्या मांडवाखाली अक्षरशः रांगत गेलो आणि तोंडानं "बक् बक्" असा आवाजही काढला. हे लिहिताना लाज वाटते, पण काढला.

तेव्हा शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा कुंपणाशी उभे होते. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, हा प्लॉट त्यांच्या वडिलांपासूनचा, आणि बोलायला येताना हातात कायम एक कोर्जेट. कोर्जेट ही भाजी शुक्रवारी काकडीएवढी असते आणि मंगळवारी दुधीएवढी होते. आजोबा ती बुधवारी तोडतात. कुंपणावरून त्यांनी ते धूड माझ्या हातात दिलं. तान्हं मूल घ्यावं तसं मी ते घेतलं आणि विचारलं,

"तुम्ही इकडे कुठं एखादी फॅट हेन पाहिलीत का?"

"एखादी?" आजोबा खो-खो हसले. "अरे पोरा, शेकड्यानं आहेत तुझ्या प्लॉटवर!"

मी मागे वळून पाहिलं. एक नाही.

"मला तर दिसत नाही."

"बटाट्यांमध्ये बघ. कांद्यात तर नेहमीच. लहान असताना लक्षात येत नाही. एकदम अंगानं भरली की मग दिसते."

"पण येते कुठून?"

"जमिनीतून. दुसरं कुठून येणार?"

म्हणजे बीळ करून येते. कोल्ह्यांमध्ये राहून शिकली असेल. मी म्हटलं, "मग जाळी खोलवर पुरू का?"

"जाळीला काय करायचंय! तू वसंतात त्या तबेल्यातून घोड्याचं खत आणलंस ना? त्यातून आली."

"खतातून? जिवंत?"

"वीस-वीस वर्षं पडून राहते जमिनीत. तू खणलंस, जरा उजेड लागला, की आली बाहेर."

इथं मला पहिल्यांदा आजोबांची काळजी वाटायला लागली. एकटेच असतात दिवसभर उन्हात, टोपीही घालत नाहीत. मी आवाज मऊ केला.

"मग अशा वेळी तुम्ही काय करता?"

"सोपं आहे. मानेशी धरायची, एक हिसका द्यायचा, आणि तिथंच उन्हात टाकून द्यायची. दुपारपर्यंत खलास."

मी कोंबडी खातो. खोटं कशाला बोला. पण खाण्याचीही एक रीतभात असते. हातातलं कोर्जेट मी जरा घट्ट धरलं.

"आणि लहान असतील तर?"

"लहान असतानाच तर मारायला सोप्या! हात लावायचीसुद्धा गरज नाही. लांब दांड्याचं खुरपं घ्यायचं आणि उभ्याउभ्या डोकं उडवायचं. आमची ही रोज सकाळी चहाच्या आधी पन्नास-साठ उडवते."

त्या आजी मला लांबून हात करतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला गूजबेरीच्या जॅमची बरणी दिली होती. ती बरणी, ती झाकणावरची फुलाफुलांची चिंधी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग... पुढं काय करता त्यांचं?"

"कंपोस्ट."

"खात नाही?"

"आता कोण खातं? युद्धाच्या वेळी माझी आई उकडायची. बरी लागते. पालकासारखी."

पालकासारखी! कोंबडी कितीही लठ्ठ असली, कितीही उकडली, तरी पालकासारखी लागत नाही. इथं आमची गाडी थांबली. इंग्रजीत रोपट्यालाही 'इट' आणि कोंबडीलाही 'इट'. मराठीत हा घोटाळा दुसऱ्या वाक्याला फुटला असता.

आजोबांनी कुंपणातून हात घातला, माझ्या कांद्याच्या वाफ्यातलं एक रोप मानेशी धरलं, हिसका दिला, आणि माझ्यापुढे धरलं. हिरवट राखाडी पान, कडांना दाते, मागच्या बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी. बोटाला लागते. पाणी घातलं की पानावर टिकत नाही, पाऱ्यासारखं घरंगळतं. कोवळ्या शेंड्यावर तर कुणी तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखी.

चाकवत.

मे महिन्यात हा उगवलेला पाहून मी वाफ्याच्या कडेला बसकण मारली होती. इतक्या लांब, इतक्या थंडीत, न बोलावता! त्याच्या भोवतीचं गवत मी हातानं उपटलं. कांद्यांच्या आधी त्याला पाणी दिलं. त्याचं इंग्रजी नाव काय असेल, हे बघायचं कधी डोक्यातच आलं नाही. घरच्या माणसाचा पासपोर्ट कोण तपासतं?

आणि नेमका तोच असमाधानकारक.

आता जरा स्पष्ट बोलतो. या उन्हाळ्यात मी जे-जे रीतसर, पाकिटातल्या बियांपासून, पाकिटावरच्या सूचना वाचून लावलं, त्याचं काय झालं? ब्रॉड बीन्सवर काळा मावा. शेंड्याला बोट लावावं तर बोट काळं. मटाराचे कोंब पारव्यांनी कुरतडले. ही इथली रानकबुतरं इतकी जाड आहेत की फॅट हेन म्हणायचं तर त्यांना म्हणावं. लेट्यूस बिनशंखाच्या गोगलगाईंनी एका रात्रीत संपवलं आणि सकाळी सहीसारखी चकचकीत रेघ मारून गेल्या. स्ट्रॉबेरीखाली पेंढा घातला, वर जाळी घातली, तर एक ब्लॅकबर्ड जाळीच्या आत सापडला. आत कसा शिरला माहीत नाही, पण बाहेर जायची त्याला घाई नव्हती. टोमॅटोचे बगलफुटवे मी तीन महिने खुडले, हातांना तो हिरवा वास चिकटलेला असायचा. चार दिवस उबट पाऊस लागला आणि करपा आला. १८४५ साली आयर्लंडचा बटाटा बुडवणारा हाच तो रोग, तेव्हा त्याच्याकडून हरण्यात तशी कमीपणाची गोष्ट नाही, पण फळं तपकिरी पडताना इतिहासानं समाधान होत नाही.

यातल्या एकाही गोष्टीबद्दल नोटीस आली नाही. प्लॉट तपासून नोटिसा लावणाऱ्या कमिटीची मेलेल्या टोमॅटोंबद्दल काही तक्रार नाही. जे जगलं, त्याबद्दल आहे.

नळावर कमिटीचे एक गृहस्थ भेटले. क्लिपबोर्ड होताच. मी म्हटलं, हे तण नाही, ही भाजी आहे, आमच्याकडे बाजारात जुड्या बांधून विकतात. ते फार सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही पेरली होती का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग तण." आणि कॅन भरून निघून गेले. त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर एक हिरवळ आहे, त्यावर आरामखुर्ची आहे आणि बाकी सगळं डेलिया. त्या डेलियाची भाजी होत असेल तर मला एकदा जेवायला बोलवावं.

मला चिड आली ती वेगळ्याच गोष्टीची. इथंच, याच देशात, लोक पैसे भरून, बूट घालून, हातात टोपली घेऊन 'रानभाज्या ओळखा' म्हणून फिरायला जातात, आणि तिथला माणूस झुडपापाशी गुडघ्यावर बसून दाखवतो: ही बघा फॅट हेन, आपले पूर्वज खायचे. सगळे वा-वा करतात, फोटो काढतात. हेच रोप माझ्या वाफ्यात उभं राहिलं की क्लिपबोर्ड निघतो. मी शेडच्या दारावर 'रानभाजी दर्शन, तिकीट आत' अशी पाटी लावायचा विचार केला. मग आठवलं, धंद्याला परवानगी नाही.

रात्री आईला फोन केला.

"नोटीस? कसली?"

"चाकवत काढून टाका म्हणून."

"का? कीड लागली?"

"नाही. चांगला आलाय."

"मग?"

"फार चांगला आलाय."

बराच वेळ ती काही बोलली नाही. एखाद्या देशाबद्दल मत बनवायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा. मग म्हणाली, "ताक आंबट घे. आणि डाळ-दाणे आधी भिजत घाल, तू नेहमी विसरतोस."

रविवारी मी मोठी पिशवी घेऊन गेलो. उपटला नाही. कोवळे शेंडे तेवढे खुडले. शेंडा खुडला की बाजूनं दोन-दोन फुटतात. आजोबा कुंपणाशी आलेच, कोर्जेटसकट. माझी पिशवी पाहून म्हणाले, "डोकी उडवतोयस? शाब्बास. पण अशानं मरायची नाही हं ती. पंधरा दिवसांत परत येईल."

नोटिशीतले सत्तावीस दिवस उरलेत. म्हणजे अजून एक खुडा नक्की.