तळहाताने ओल मोजणारा ठेकेदार कसा निवडावा

गेल्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्याचा १,२०० चौरस फुटांचा काँक्रीटचा कोबा आम्ही सील करून घेतला, आणि घटस्थापनेच्या आतच तो सुटू लागला. या व्यवहारात मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते स्वतःपाशी ठेवणे हा स्वार्थ ठरेल. म्हणून ज्यांचा कोबा पीठ सोडतो, ज्यांच्या यंत्रांवर रोज सकाळी राखाडी धूळ बसलेली असते आणि ज्यांना त्यावर भरपूर पैसे खर्चून नखाने सोलता येईल अशी चकचकीत साय धरावयाची आहे, अशा सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या बंधूंसाठी हे मार्गदर्शन सादर करतो.

प्रथम मुहूर्त पाहावा. गोदावरीचे पाणी पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढल्याची बातमी आली की ठेकेदाराला फोन करावा. एप्रिलमध्ये काम काढणारी माणसे उतावळी असतात. भर पावसात ठेकेदार रिकामा असतो, दर उतरलेला असतो आणि शेडखालची माती पाणी पिऊन फुगलेली असल्यामुळे काँक्रीटमधून वर येणारी ओल वरच्या थराला खालून सतत ढकलत राहते, त्यामुळे पुढे तो सोलण्याचे आपले कष्ट वाचतात. काम करताना जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असे मालाच्या माहितीपत्रकात छापलेले असते. परंतु माहितीपत्रक हे बादलीचे झाकण पुसण्यासाठी असते, हे मला आमच्या ठेकेदाराच्या मदतनीस पोराने प्रत्यक्ष दाखवून दिले.

ओल तपासण्याची एक कंटाळवाणी पद्धत आहे. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट चिकटवायचा, किमान १६ तास तसाच ठेवायचा आणि मग त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात का किंवा खालचे काँक्रीट काळपट पडले आहे का, ते पाहायचे. खर्च जवळजवळ शून्य. असल्या चाचण्या करणारा ठेकेदार टाळावा. आमच्या ठेकेदाराने चप्पल न काढता ओणवे होऊन कोब्यावर तळहात टेकवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "शेठ, खडखडीत कोरडी आहे." वैद्याने नाडी पाहावी तसे ते दृश्य होते.

ठेकेदाराच्या भ्रमणध्वनीतील छायाचित्रांवर पूर्ण विश्वास ठेवावा. त्या आरशासारख्या जमिनींवर तो स्वतः कुठेही उभा दिसत नाही, याला त्याचा विनय समजावे.

कोणता सीलर वापरणार, हे विचारू नये. विचारलेच, तर "जर्मन आहे" हे उत्तर पुरेसे मानावे. केवळ पीठ सोडणाऱ्या कोब्यासाठी सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण असते, ते काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रांतच कठीण होते, त्याचा वर वेगळा थर बसत नाही आणि जो थर नाही तो सुटण्याचा प्रश्नही येत नाही, अशी माहिती एखादा आगाऊ माणूस देऊ लागेल. तेलाचे डाग ते इपॉक्सीइतके, म्हणजे दोन भाग मिसळून वर थर धरणाऱ्या रेझिनइतके, अडवत नाही, हे खरे आहे आणि म्हणून आम्हाला कदाचित इपॉक्सीच घ्यावी लागली असती. पण ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे सांगायला ठेकेदाराला कितीसा वेळ लागला असता? असो. मार्गदर्शनाकडे वळू.

कोब्यातील सांधे रंगाखाली दडपून टाकणारा कारागीर मिळाला, तर त्यास मुळीच सोडू नये. तडा पुढे नेमका त्याच रेषेत उमटतो.

आता मुख्य विषय, म्हणजे जमिनीची पूर्वतयारी. दरपत्रकात तिचा उल्लेख असावा, परंतु जमिनीवर ती होऊ नये. कोबा घोटताना पाण्याबरोबर सिमेंटची एक मऊ साय वर येते. ती हिऱ्याच्या चकत्यांच्या यंत्राने घासून काढली, घासताना निघणारी धूळ व्हॅक्युमने ओढून घेतली आणि यंत्रांभोवती मुरलेले तेल आधी डिग्रीझरने धुतले, तरच वरचा थर खऱ्या काँक्रीटला धरतो. या कामाला यंत्र लागते, थ्री फेज वीज लागते आणि निदान एक अख्खा दिवस लागतो. आमच्या दरपत्रकात "डायमंड ग्राइंडिंग" असे ठळक अक्षरांत छापलेले होते. प्रत्यक्षात यंत्र आलेच नाही, कारण ते म्हणे सिंहस्थाच्या कामावर गेले होते. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि नाशिकमध्ये तोवर जे जे होणार नाही, त्या सर्वांचे कारण आपल्याला आधीच मिळालेले आहे. यंत्राऐवजी आला तो संडास धुण्याच्या ॲसिडचा कॅन. रविवारी आम्ही कोणी तेथे नसताना त्या पोराने ते ॲसिड कोब्यावर ओतले, खराट्याने फिरवले, वरून पाण्याचा पाइप सोडला आणि शटर बंद करून तो निघून गेला. आधीच ओल्या असलेल्या जमिनीला त्याने आणखी पाणी पाजले, हे एक. बंद शेडमध्ये ॲसिडची वाफ रात्रभर कोंडली, हे दुसरे. सोमवारी सकाळी आठ वाजता शटर वर केले, तेव्हा घशाला आग झाली आणि दोन्ही लेथच्या बेडवर म्हणजे लोखंडी पाटावर, काम पकडणाऱ्या चकच्या जबड्यांवर आणि पाठवायला काढून ठेवलेल्या ४० तयार शाफ्टवर तपकिरी गंजाचा पातळ पदर चढलेला होता. बोट फिरवले की ते बोट तपकिरी होत होते. ते शाफ्ट ग्राहकाला मंगळवारी द्यायचे होते. मी ठेकेदाराला फोन केला, तेव्हा तो मिसळ खात होता आणि त्याने मला अत्यंत शांतपणे सांगितले, "शेठ, ॲसिड मारलं की गंज येणारच. तुम्ही मशीन झाकायला पाहिजे होती."

मशीन मी झाकायला हवी होती. दरपत्रकात ग्राइंडिंग आणि कॅनमध्ये ॲसिड हे मला कोणत्या पंचांगात दिसणार होते?

हमी मात्र १० वर्षांचीच घ्यावी. आमच्या हमीपत्रातून ओल, तेल, वजन, घर्षण आणि "अयोग्य वापर" यांमुळे होणारे नुकसान वगळलेले आहे, म्हणजे कारखाना बंद ठेवून त्याकडे खिडकीतून पाहत राहिल्यास हमी पूर्णपणे लागू आहे.

यापुढे उपरोध मला जमणार नाही, कारण बेडवरचा गंज अजून पुरता निघालेला नाही. सप्टेंबरमध्ये माल वाहण्याच्या हातगाडीचे चाक वळले, तेथे थराला टाचेएवढा फुगा आला होता. मी तो कात्रीच्या टोकाने फोडला, तर आतून पाण्याचा थेंब निघाला. कडा धरून ओढली, तर हातभर पापुद्रा एकाच ओढीत वर आला. त्याची मागची बाजू राखाडी पिठाने माखलेली होती. म्हणजे इपॉक्सीने आपले काम चोख केले होते, ती घट्ट चिकटली होती. चिकटली होती त्या सायीला, जी ठेकेदाराने काढायची होती आणि काढली नव्हती. त्या पापुद्र्याची जाडी मी आमच्याच मायक्रोमीटरने मोजली. पिठासकट ती जेमतेम १७० मायक्रॉन भरली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दरपत्रकात ५०० लिहिलेले होते. हा हिशेब कामाच्या दिवशीच करता आला असता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीला एक लिटर माल लागतो, १,२०० चौरस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर, म्हणून ५०० मायक्रॉनसाठी ५५ लिटरांहून अधिक माल हवा. आमच्याकडे दोन्ही भाग मिळून २० लिटर माल आला होता आणि तो सगळीकडे पुरेसा व्हावा यासाठी त्यात थिनर घातला गेला, जो उडून गेला.

ठेकेदारांनो, ग्राइंडिंग परवडत नसेल तर दर वाढवून मागा, पण लिहून करायचे नाही हा धंदा नव्हे, ही चोरी आहे. ऑगस्टमध्ये काम होणार नाही हे तुम्हाला ठाऊक असते. "फेब्रुवारीत या" एवढे म्हणायला जीभ का उचलत नाही? आणि आपण मालक लोक तरी कोणते शहाणे? शाफ्टवर १० मायक्रॉनचा फरक आला तर अख्खा लॉट बाजूला काढणारे आपण, पायाखालचे ३३० मायक्रॉन गायब होतात आणि आपण रिकाम्या बादल्यासुद्धा मोजत नाही. माझ्यापुढे तीन दर होते. चौरस फुटाला ६८ रुपये सांगणारा माणूस प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी घेऊन आला होता, कोब्यावर पाण्याचे थेंब टाकून कोठे मुरतात आणि कोठे तेलामुळे तरंगतात ते खडूने खुणा करून दाखवत होता, आणि मी त्याला "फार वेळ लावतो" म्हणून परत पाठवले. काम ३२ रुपयेवाल्याला दिले. तो मूर्खपणा माझा होता आणि त्याचे पैसे मीच भरतो आहे.

उरलेला थर आम्ही स्वतः खरवडून काढत आहोत. तो हातभर पापुद्रा मी टेबलावरच्या काचेखाली उलटा ठेवला आहे. फेब्रुवारीच्या कामासाठी दर सांगायला जो येईल, त्याला मी प्रथम तो दाखवतो आणि मागे चिकटलेले काय आहे, ते विचारतो. आतापर्यंत चौघे आले. तिघे चहा पिऊन गेले.