झोपतंय म्हणजे बरं होतंय?

"जन्मताना न रडलेलं बाळ भरपूर झोपत असेल तर काळजी नको, झोपेत मेंदू स्वतःला दुरुस्त करतो. मध्येच दचकलं तरी घाबरू नका. झोपत नसेल तर जायफळ उगाळून द्या. चालायला लागलं की सगळं नॉर्मल." हा मेसेज आधी आमच्या निपाणीच्या भावकीच्या ग्रुपवर आला, मग खानापूरहून माहेरच्या. परवा शेजारच्या अक्कांनी तोच कन्नडमध्ये दाखवला. माझा मुलगा जन्मला तेव्हा रडला नव्हता. आज तो नऊ वर्षांचा आहे, म्हणून हा लिहायचा खटाटोप.

भरपूर झोपेचं आधी. नवजात बाळ तसंही दिवसाचे १६-१७ तास झोपतं. पण न रडलेल्या बाळाच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असेल, तर त्याची सुस्ती हे इजेचंच लक्षण असू शकतं. दूध प्यायला उठत नाही, अंग सैल पडलंय, ही झोप नव्हे. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मेंदूच्या आलेखावर झोप-जागेचं चक्र परत दिसू लागलं तर डॉक्टर ते चांगलं चिन्ह मानतात. पण ते मशीनवर दिसतं, पाळण्यात डोकावून कळत नाही.

"दचकलं तरी घाबरू नका" हे वाक्य वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. सहाव्या महिन्यात आमचा मुलगा झोपेतून उठला की मान खाली टाकायचा, दोन्ही हात एकदम पुढे फेकायचा, क्षणभर ताठ, मग सैल. काही सेकंदांनी पुन्हा तेच. सलग आठ-दहा वेळा. सासूबाई म्हणाल्या, "दचकतंय पोर, नजर लागली आसंल." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागलीच होती म्हणे! चार दिवस त्यातच गेले. मग नवऱ्यानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो अर्धा मिनिट बघितला आणि त्याच दिवशी ईईजीला, म्हणजे मेंदूचा आलेख काढायला पाठवलं. इन्फंटाइल स्पॅझम, म्हणजे बाळांमधल्या फिटचा एक प्रकार. तो बहुतेक पहिल्या वर्षातच सुरू होतो आणि झोपेतून उठताना झुबक्यानं येतो. जन्मवेळची मेंदूची इजा हे त्याचं आपल्या देशातलं एक मोठं कारण आहे. औषध लवकर सुरू झालं तर फरक पडतो, आणि बहुतेक घरांत वेळ जातो तो "दचकतंय" म्हणण्यातच. तुमचं बाळ असं ओळीनं दचकत असेल तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, बेळगाव असो की मिरज.

जायफळ. सहाणेवरचे दोन वेढे की चार, हे घरागणिक बदलतं, आणि जास्त झालं तर ते विषारी असतं. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप त्याहून वाईट. प्रोमेथाझिनसारख्या औषधानं दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. मूल का जागतंय ते न बघता झोपवायचं, हाच मुळात उलटा उद्योग. स्नायू आखडून दुखत असतील, दूध घशाशी येत असेल, रात्री फिट येत असेल. नजर अधू असेल तर दिवस-रात्रीचं घड्याळच बसत नाही. आमच्याकडे पोटऱ्या आखडायच्या. फिजिओनं सांगितलेला ताण झोपण्याआधी द्यायला लागलो आणि मध्यरात्रीचं रडणं निम्म्यावर आलं.

चाललं की नॉर्मल? ब्रिटनमध्ये जन्मतः अशी इजा झालेल्या, पण हातपाय धडधाकट असलेल्या मुलांना शाळेच्या वयात तपासलं, तेव्हा त्यांच्यातही लक्ष आणि स्मरणशक्तीच्या अडचणी सापडल्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. ती मोडली की वर्गात चिडचिड होते, हातातली पेन्सिल फेकली जाते आणि शिक्षक "हट्टी आहे" म्हणून मोकळे होतात.

रात्री कोण जागणार, हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही. आईनं, हे धरूनच चालतात. आम्ही वाटण्या केल्यात: दोनपर्यंत मी, पुढे नवरा. अंगणवाडीत, सरकारी शाळेत मुलांच्या तपासणीचं पथक येतं. तिथं वजन-उंचीबरोबर झोपेचंही आपणच सांगायचं, मराठीत किंवा मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. मी आठवडाभराचं वहीत लिहून नेते: किती वाजता झोपला, कितीदा उठला, उठल्यावर काय करत होता.