नव्वदीतली दाढी

काल अर्धी दाढी झालेली असताना रेडिओवरच्या एका पोरीने मला ‘सो क्यूट, काका!’ म्हटलं आणि फोन कट केला. राग अजून गेलेला नाही.

आमच्या सलूनमध्ये हल्ली फक्त नव्वदच्या दशकातली गाणी वाजवणारं एफएम स्टेशन लावतात. कुमार सानू, फ्लॅटची जाहिरात, अलका याज्ञिक, दागिन्यांची जाहिरात, पुन्हा कुमार सानू. या माणसाने 1991 ते 1995 ओळीने पाच वेळा फिल्मफेअर नेलं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायची सोय नाही. पण काल ‘मैंने प्यार किया’मधलं गाणं लागलं आणि मी फेसातून म्हणालो, “हे नव्वदीत कसं? पिक्चर 29 डिसेंबर 1989चा आहे.”

वस्तरा थांबला. बाकावरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला.

“नव्वदचाच.”

“अहो, रिलीज—”

“तुमच्याकडे झाला असंल. आमच्या करमाळ्याकडं नव्वदच्या उन्हाळ्यात आला. जत्रेत, तंबूत. रिळांची दुसरी पेटी यष्टीत राहिली म्हणून तिसरी आधी दाखवली. आधी लग्न ठरलं, मग ओळख झाली.”

“पण तारीख तर तारीख आहे ना!”

“तुम्ही 29 तारखेला थेटरात होता का?”

“नाही.”

“मग? मी तंबूत होतो.”

यावर काय बोलणार? मालक म्हणाले, “तीन दिवसांसाठी कशाला भांडताय, त्यांनाच विचारू.” आणि खरंच स्टेशनला फोन लावून माझ्या फेसाळ कानाला टेकवला. मी तारीख सांगितली. पुढचं वर आलंच आहे.

मुळात नव्वदीत असली स्टेशनं होती कुठे? 1993 साली आकाशवाणीने मुंबई-दिल्लीत एफएमचे काही तास खासगी कंपन्यांना दिले, आणि पहिलं खासगी स्टेशन 2001 साली बेंगळुरूत निघालं. आम्ही ही गाणी ऐकली ती रसवंतीगृहात, पान लागलेल्या कॅसेटवर. आता तीच वीस-पंचवीस गाणी घोटून घोटून आम्हालाच ‘आठवणी’ म्हणून विकतात. निवेदिका मराठी, सलून मराठी, गिऱ्हाइकं मराठी, आणि दिवसभरात मराठी गाणं एक नाही. त्या दहा वर्षांत मराठीत कोणी तोंडच उघडलं नव्हतं की काय?

तोवर पुन्हा लावलेला फोन करमाळ्याच्या गृहस्थांकडे गेला होता. त्यांनी तंबू, यष्टी, पेटी सगळं रंगवून सांगितलं. पोरगी हसून हसून बेजार. गृहस्थांना दोघांच्या जेवणाचं कूपन लागलं. मग त्यांना गाडी गाठायची होती म्हणून मालकांनी त्यांची दाढी आधी उरकली. माझा फेस वाळला होता. तो नव्याने लावला, आणि त्याचे दहा रुपये वेगळे घेतले.